माजी राक्षस

आमच्या दारात दर रविवारी टेबल आडवं लागतं. अर्धं घरात, अर्धं अंगणात. दुधाची किटली घेऊन आत यायचं म्हणलं तर मला पोट आत ओढून, किटली डोक्यावर धरून, टेबल आन् चौकटीच्या मधनं तिरपं सरकावं लागतं. आन् तेवढ्यात कुणीतरी वरडतंच, "अनिता, हळू! घोरपड पडंल!" घरच्या सुनेपेक्षा घोरपडीची काळजी जास्त असलेलं घर तुम्ही कुठं बघितलंय का? मी बघितलंय. मी त्यातच नांदती.

टेबल दारात का, तर माझ्या सासूबाईंचा भाऊ आमचा उंबरा ओलांडत न्हाई. शपथ घेतलीय त्यानं. आन् सासूबाईंना ह्या जगात दुसरं काय बी नको, फकस्त भावानं एकदा घरात येऊन चार घास खावं. त्यासाठी आम्ही वरीसभर राक्षसांच्या लढाया खेळलो. समदं नीट सांगती, न्हाईतर तुम्हाला वाटंल ह्या घरात कुणाचं तरी डोकं फिरलंय. फिरलंय ते समद्यांचंच, पण सावकाश फिरलं.

आम्ही कवठे येमाईचे. घरात सासरे हौसराव, त्यांना आम्ही आबा म्हणतो. सासूबाई सोजराबाई, त्यांना मी आत्या म्हणती. आमचे हे जयसिंग, रांजणगावला एका कंपनीत स्टोअरला हायेत. नवऱ्याचं नाव घेतलं की आत्या डोळं मोठं करतात, पण 'आमचे हे, आमचे हे' करत गोष्ट सांगितली तर उद्या सकाळपर्यंत संपायची न्हाई. आन् आमची लेक समृद्धी, पाबळला शिकायला. खुळाची सुरुवात तिच्यापासनं.

गेल्या वर्षीच्या दिवाळीत ती सुट्टीला आली ती बगलेत चपलांचं खोकं मारून. मला वाटलं पोरीनं आईला चप्पल आणली. उघडलं तर आत बोटाएवढाली करडी माणसं. कुणाच्या हातात तलवार, कुणाला शिंगं, कुणाची नुसती हाडं. तिकडं थ्रीडी प्रिंटरवर तिनं आन् तिच्या मैत्रिणींनी काढलेले गडी. म्हणली, "आई, हे रंगवायचे आन् मग घरच्यांनी मिळून ह्यांची लढाई खेळायची. मोबाईल बाजूला ठेवून."

"आन् भांडी?" मी म्हणलं.

"भांडी नंतर."

तिथंच मला कळायला पायजे व्हतं.

समृद्धीनं बारीक ब्रश आणले व्हते, काजळाच्या काडीसारखे. आबा म्हणले, "एवढ्याशा ब्रशनं रंगवत बसलो तर राक्षस म्हातारा हुईल." ते गोठ्यात गेले आन् पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेला ऑइल पेंट घेऊन आले. राक्षसाची तंगडी धरली आन् भजं पिठात बुडवावं तसा त्याला डब्यात बुडवून काढला. राक्षसाचं डोळं गेलं, नाक गेलं, तलवारीचं लाटणं झालं.

"आबा, राक्षसाला मोतीबिंदू झालाय," समृद्धी म्हणली.

"मग वास घेऊन लढंल."

"नाक बी गेलंय," मी म्हणलं. आबा माझ्याशी दोन दिवस धड बोलले न्हाईत.

आत्यांनी रंगवलेल्या समद्या बाया हिरव्या लुगड्यात. त्यात एक नुसत्या हाडांची बाई व्हती. तिला बी हिरवं लुगडं, हातभर चुडा, कपाळाला कुंकू. समृद्धी म्हणली, "आजी, ती मेलेली हाय." आत्या म्हणल्या, "मेलेली हाय, पण अहेव मेली."

जयसिंगनी स्वतः एक गडी रंगवला न्हाई. ते कामावरनं यायचे, हातपाय धुवायचे आन् एकेक गडी उजेडात धरून, "हा रिजेक्ट. हा रिवर्कला. हा ओके, पण पुढच्या लॉटला सुधारणा पायजे," असं करत बसायचे. माझ्या आमटीला बी त्यांनी एकदा रिवर्क म्हणलं. एकदाच.

आन् मी रंगवली घोरपड. म्हंजी समृद्धी तिला ड्रॅगन म्हणती. पण आबांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, "घोरपड हाय ही." समृद्धी म्हणली, "आबा, हिला पंख हायेत." आबा म्हणले, "मग उडती घोरपड." झालं, घोरपड ती घोरपडच. मी तिला माझ्या मरून नेलपॉलिशचे तीन हात दिले. अशी चमकती का बस. माझ्या तोंडानं सांगू नये, पण समद्यांत उजवी तीच हाय.

आता देवाचा घोळ सांगितल्याबिगर पुढं जाता येत न्हाई. आबांचा दुसरा गडी म्हंजी दाढीवाला बुटका. त्याला खालचा हात म्हणून आबांनी भगवा रंग फासला आन् वाळायला तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला. शेजारच्या अनसाबाई ताक मागायला आल्या. त्यांना दिसला शेंदूर फासलेला, दाढीवाला, बोटाएवढा देव. बाईनं चप्पल काढली, हळदीकुंकू वाहिलं, गुळाचा खडा ठेवला आन् मला म्हणली, "अनिता, नवीन बसवला व्हय गं? कुणाला पावला?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं तर आबा मधी पडले. "अनसाबाई, जागृत हाय," म्हणले. तवापासनं तो बुटका देव. आन् खेळात कुणी त्याच्यावर वार केला की आबा हात जोडायचे, "देवाला मारतात व्हय? कुठं फेडशीला?" समृद्धी नियम दाखवायची, आबा पाप दाखवायचे. बुटका काय मरंना. आबा दर रविवारी जिंकायचे आन् सोमवारी पारावर सांगायचे.

फाशाची बी तीच तऱ्हा. फासा वीस तोंडाचा. आबांना इंग्रजी आकडे नको, म्हणून समृद्धीनं मराठी आकड्यांचा काढून आणला, आन् आकड्यांत रंग भरला आबांनी, त्याच पोळ्याच्या पेंटनं. त्यामुळं एक आन् नऊ ह्यांच्यात फरक फकस्त आबांना दिसतो. आबांनी टाकला की नऊ, आम्ही टाकला की एक.

इथवर समदं गंमतीचं चाललं व्हतं. मग पोपटमामा आले.

पोपटमामा म्हंजी आत्यांचे थोरले भाऊ, दौंड तालुक्यातल्या भांडगावचे. आबा आन् ते एके काळी लई घट्ट. एकाची म्हैस व्यायली तर दुसरा पेढं वाटायचा. बिघडलं ते माझ्या नणंदेच्या लग्नात, सविताच्या. पत्रिकेचा मजकूर आबांनी स्वतःच्या हातानं लिहून छापायला दिला. नवरीच्या मामाचं नाव मोठ्या अक्षरात पायजे, म्हणून लिहिलं, 'मा. चेअरमन श्री. पोपटराव'. आबांच्या मनात मा. म्हंजी माननीय. छापणाऱ्याला वाटलं मा. म्हंजी माजी, आन् त्यानं आपला शहाणपणा करून पुरा शब्द छापला. माजी चेअरमन! आन् मामा तवा त्यांच्या दूध सोसायटीचे चालू चेअरमन, निवडणूक तोंडावर आलेली.

पत्रिका अर्ध्या दौंड तालुक्यात वाटून झाल्यावर कळलं. मामा दिसले की लोक इचारायचे, "काय चेअरमन, सोडली का खुर्ची?" मामा निवडणुकीत पडले. ते तडक आमच्या घरी आले आन् म्हणले, "दाजी, तुमच्या पत्रिकेनं पाडलं मला." आता आबांनी काय म्हणायचं? चुकलं म्हणायचं, चहा पाजायचा, मिटवायचं. पण आमचे आबा! ते म्हणले, "मी माननीयच लिहिलं व्हतं. आन् आता तरी पत्रिका बरोबर झाली का न्हाई?"

मामा उठले, अंगणात गेले आन् समद्यांदेखत म्हणले, "ह्या हौसरावाचा उंबरा मी ह्या जन्मात पुन्हा ओलांडणार न्हाई."

पाच-सहा वर्षं झाली त्याला. दर भाऊबीजेला आत्याच भांडगावला जाऊन ओवाळून यायच्या. आन् माघारी आल्या की भावासाठी म्हणून करून ठेवलेली पुरणपोळी गाईला घालायच्या. एकदा मी म्हणलं, "आत्या, मग करताच कशाला?" तर म्हणल्या, "एखाद्या वर्षी आला तर? भावाला काय शिळी चपाती वाढू?" मला लई वाईट वाटलं. आबांचा रागबी आला. पण सासऱ्याचा राग सुनेनं भांड्यांवर काढायचा असतो, तो मी काढला.

तर समृद्धीनं फोन केला भांडगावला. नातीवर मामांचा जीव. ती नुसतं एवढंच म्हणली, "मामाआबा, आमच्याकडं एक खेळ चालतो. आबा दर रविवारी जिंकतात. त्यांना हरवणारं कुणी न्हाईच म्हणतात." पुढच्या रविवारी मामांची पिकअप दारात. चौफुला, न्हावरा, शिरूर करत पार कवठ्यापर्यंत आले, ते काय आबांचं तोंड बघायला न्हाई. उतरले आन् अंगणात खुर्ची टाकून बसले. स्वतःचा डबा, स्वतःची पाण्याची बाटली. म्हणले, "मी कुणाकडं आलो न्हाई. मी खेळायला आलोय."

आबा आतनं म्हणले, "मी अंगणात बसणार न्हाई. माझं घर हाय, मी घरात बसंन."

मग जयसिंगनी टेप आणली. उंबरा मोजला, टेबल मोजलं आन् टेबलाचा मध बरोबर उंबऱ्यावर आणून ठेवला. आबा आत, मामा भाईर, मधी घोरपड. कंपनीत ह्यांना प्रमोशन का मिळत न्हाई देव जाणे.

मामांनी स्वतःचा राक्षस स्वतः रंगवला, आन् खोटं कशाला बोलू, चांगला रंगवला. पांढरा सदरा, गुलाबी फेटा, कपाळाला गंध. नाव ठेवलं 'चेअरमन'. पण दोघं एकमेकांशी बोलत न्हव्हते. आत्या मधी.

"सोजे, सांग त्यांना, त्यांचा डाव हाय."

"अहो, तुमचा डाव हाय."

"त्यांना म्हणावं, ठाऊक हाय."

"दादा, त्यांना ठाऊक हाय."

दोघांच्या मधी दीड हात अंतर! आत्यांची मान इकडनं तिकडं करून आवघडली. शेवटी समृद्धीनं नियम काढला: माणसांनी बोलायचं न्हाई, फकस्त गड्यांनी बोलायचं. आबांनी बुटक्याला हातात धरला आन् बारीक आवाजात म्हणले, "राम राम, चेअरमन." मामांनी राक्षसाला पुढं केलं आन् घोगऱ्या आवाजात म्हणले, "राम राम, देवा."

आन् तुम्हाला सांगती, तिथनं पुढं त्या दोन गड्यांची अशी गट्टी जमली का बघत राहावं. बुटका इचारायचा, "राक्षसराव, कांद्याला काय भाव मिळाला?" राक्षस म्हणायचा, "कांद्यानं रडवलं बुटकेसाहेब. तुमचा ऊस गेला का?" एका रविवारी राक्षस म्हणला, "आज बसवत न्हाई. राक्षसाचा उजवा गुडघा धरलाय." खेळ झाल्यावर आबांनी आतनं तेलाची बाटली आणून समृद्धीच्या हातात दिली. म्हणले, "बुटक्यानं दिलीय म्हणावं. राक्षसासाठी." मामांनी बाटली घेतली आन् राक्षसाच्या आवाजात म्हणले, "बुटक्याला सांग, राक्षस लावंल."

लढाई राहिली बाजूला. पण मामा जेवत मातुर न्हव्हते. आत्या ताट घेऊन आल्या की डबा दाखवायचे. एकदा आत्यांनी राक्षसापुढं एवढीशी पोळी ठेवली. म्हणल्या, राक्षसाला तर शपथ न्हाई! मामा हसले, पण पोळी राक्षसापुढंच राहिली. बिबट्याच्या भीतीनं अंधार पडायच्या आत ते निघून जायचे आन् आत्या पिकअप वळणाआड जाईस्तोवर टेबलापाशी उभ्या राहायच्या.

आन् मग श्रावणात आबांनी परत माती खाल्ली.

त्या दिवशी जयसिंगनी खेळायला घेतलेल्या तिरंदाजानं नेम धरला आन् फासा असा पडला का चेअरमन टेबलावरच्या पुलावरनं खाली नदीत. मेला. तसा नियमच व्हता, पुढच्या रविवारी परत जिता झाला असता. पण आबांना चेव आला. मांडीवर थाप मारली आन् स्वतःच्याच आवाजात, बुटक्याच्या न्हाई, म्हणले, "झाला माजी!"

आबांना लगेच कळलं, पण तोंडातनं गेलं ते गेलं. मामांनी चेअरमन उचलला, खिशात घातला. डबा पिशवीत घातला. आत्या म्हणल्या, "दादा, अरं खेळातलं हाय." मामा म्हणले, "सोजे, तुझ्या नवऱ्याला सांग, राक्षसाला बी माजी करणारा माणूस हाय तो." आन् गेले.

मग काय, रविवार आला की टेबल भिताडाला उभं. आत्यांनी आबांशी बोलणंच टाकलं. आबांनी चहा मागितला तर आत्या बुटक्यापुढं कप ठेवायच्या. म्हणायच्या, "देव हाय न्हवं, त्याच्याकडनं घ्या." नवरात्र गेलं, दसरा गेला. एका दुपारी आत्या दळण निवडता निवडता मला म्हणल्या, "अनिता, मला भाऊ एकच हाय गं. त्याचं वय झालं. माझं बी झालं. ह्यांचं भांडण मिटायच्या आत आमच्यातलं कुणी गेलं तर?"

माझा तोल गेला. मी उठले आन् सरळ आबांपुढं जाऊन उभी राहिले. म्हणलं, "आबा, तुम्ही मोठे हाय, तुम्हाला बोलू नये, पण बोलती. एका शब्दापायी बाईचा भाऊ तोडला तुम्ही. एकदा न्हाई, दोनदा. भाऊबीजेला मामा ह्या दारात आले न्हाईत, तर मी तो बुटका विहिरीत टाकीन. देव असला तरी टाकीन."

आबा खाली मान घालून बसले. मग हळूच म्हणले, "त्याला एक नवा राक्षस करून द्यावा म्हणतो."

तीन दिवस खपले. ह्या वेळी बुडवलं न्हाई. समृद्धीचा बारीक ब्रश घेतला, नाकावर दोन चष्मे चढवले, राक्षसाला डोळं काढलं, भुवया काढल्या, फेट्याला जर काढली. मग त्याच्या पायाखालच्या चकतीवर नाव लिहायला बसले. चकती ती केवढी, सदऱ्याच्या बटणाएवढी. लिहिलं आन् अभिमानानं समृद्धीला दाखवलं.

समृद्धीनं वाचलं आन् कपाळाला हात लावला. "आबा! परत 'मा. चेअरमन'?"

"मग? जागाच तेवढी हाय!"

"आबा, ह्याच 'मा.'नं घोळ झाला न्हवं का?"

आबांचं तोंड बघण्यासारखं झालं. एवढी वर्षं छापणाऱ्याला शिव्या घातल्या, आन् हात गेला तो परत त्याच शब्दावर. शेवटी जयसिंगनी लोणच्याच्या बरणीचं झाकण आणलं, राक्षस त्याच्यावर चिकटवला आन् आबांनी झाकणाच्या कडेनं, मोठ्या अक्षरात, एकबी अक्षर न खाता लिहिलं, 'माननीय चेअरमन'. आता तो राक्षस असा दिसायचा जसा काय स्टेजवर भाषणाला उभा हाय. समृद्धी तो भांडगावला देऊन आली. म्हणली, "मामाआबांनी झाकण फिरवून फिरवून तीनदा वाचलं. नुसतं म्हणले, वास लोणच्याचा येतोय."

भाऊबीजेला सकाळी पिकअप आली.

आत्यांचं काय सांगू! केसाला तेल लावायचं अर्धं राहिलं, तशाच पळाल्या. टेबल दारात लागलं. मामा अंगणात बसले, आत्यांनी आतनं, टेबलावरनं हात लांबवून ओवाळलं. ताटाखाली माझी घोरपड, घोरपडीवर तेलाचा थेंब. मामांनी साडी दिली. आत्यांना वाटलं आता झालं. म्हणल्या, "दादा, चल, पान वाढते. पुरणपोळी केलीय."

मामांनी पिशवीतनं डबा काढला. "सोजे, राक्षसाचा मान त्यांनी ठेवला, मी विसरणार न्हाई. पण शपथ ती शपथ."

आत्यांनी आत जाऊन पोळ्यांवर झाकण ठेवलं. मला वाटलं, त्या डब्यावर रॉकेल वतावं.

खेळ सुरू झाला. आन् मामांनी पहिल्याच डावात तो लोणच्याच्या झाकणावरचा चेअरमन पुलावर नेऊन ठेवला. पूल म्हंजी समृद्धीची पट्टी, आन् झाकण केवढं! वाट पुरी बंद. आबांच्या बुटक्याला पलीकडं जायला टाचेएवढी जागा राहिना.

"बाजूला घ्या म्हणावं राक्षसाला," आबा म्हणले.

"सोजे, सांग त्यांना, माननीय माणसाला बाजूला हो म्हणत न्हाईत."

"देवाला वाट सोडावी लागती म्हणावं!"

"देवानं लायनीत थांबावं म्हणावं!"

समृद्धीनं निकाल दिला, "आबांनी फासा टाकायचा. पाचाच्या वर पडला तर चेअरमन नदीत. पाच किंवा कमी पडला तर बुटका नदीत. देव असला तरी." आबांनी फासा मुठीत धरला, फुंकर मारली, बुटक्याच्या पायाला लावला आन् असा हाणला का तो लोणच्याच्या झाकणावर आपटून माघारी, सरळ घरात, पार पलीकडं, कॉटखाली.

आबा गुडघं टेकून कॉटखाली शिरले. आतनं आवाज आला, "नऊ!"

"एक असंल!" मामा खुर्चीतनं उठले. "जयसिंग, बघ रं!"

"नऊ हाय म्हणतो ना!"

"चष्मा टेबलावर ठेवून नऊ दिसतोय व्हय! हात लावू नका! हलवू नका फासा! दाजी, हात मागं घ्या!"

आन् मामांनी दोन्ही हातांनी टेबल ढकललं. घोरपड उताणी पडली, हाडांची अहेव बाई घरंगळत गेली. ढकललेल्या टेबलाबरोबर मामा बी आत आले, सरळ कॉटपाशी गेले, ज्या गुडघ्याला तेल लावत व्हते तोच गुडघा टेकला आन् कॉटखाली शिरले.

आम्हाला नुसते चार पाय दिसत व्हते. दोन आबांचे, दोन मामांचे.

"हा एक हाय, दाजी!"

"नऊ हाय, पोपटराव! ही गाठ बघा वरची!"

"ती गाठ न्हाई, तो पोळ्याचा पेंट हाय! तुम्ही डेअरीला दूध घालताना बी असंच मोजायचा!"

"आन् तुम्ही लई धुतल्या तांदळाचे! म्हशीच्या दुधात पाणी घालून वर जास्त फॅट लावायचा!"

"कधी? कधी लावला? नाव सांगा त्या म्हशीचं!"

पाच-सहा वर्षांचं साठलेलं समदं कॉटखाली निघत व्हतं. पत्रिका निघाली, निवडणूक निघाली, कुणी कुणाला रुखवताला बोलावलं न्हाई ते निघालं. पण दाजी म्हणून निघालं, पोपटराव म्हणून निघालं. आत्यांना मधी कुणी घेत न्हव्हतं.

समृद्धीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आत्यांनी तिच्याकडं बघून ओठावर बोट ठेवलं. मग पावलाचा आवाज न करता दारापाशी गेल्या, टेबल आत ओढलं, दोन्ही फळ्या लोटल्या आन् वरची कडी घातली. मग खालची घातली. आन् दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या.

कडीचा आवाज झाला तसे मामा कॉटखालनं मागं मागं सरकत भाईर आले. मुंडासं तिरकं, कोपराला जळमट. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. वर आढ्याकडं बघितलं. आपण कुठं उभे हाय ते तवा त्यांच्या ध्यानात आलं. एकदम पडलेल्या आवाजात म्हणले, "सोजे, दार उघड."

"उघडते की," आत्या म्हणल्या. त्यांच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहत व्हतं आन् तोंडभर हसू. "पण दादा, भाईर जायला उंबरा ओलांडावा लागतोय. आन् तुझी तर शपथ हाय, हौसरावाचा उंबरा पुन्हा ओलांडायचा न्हाई."

मामा दाराकडं बघत राहिले. मग आत्यांकडं. मग कॉटखालनं नुसतं डोकं भाईर काढून बघणाऱ्या आबांकडं. आबा मातुर गप्प राहिले, देवाची कृपा.

शेवटी मामांनी मुंडासं काढून खुंटीला अडकवलं.

"दाजी," ते म्हणले, "हात धुवायला पाणी कुठंय तुमच्याकडं?"